आधी लेन्स ठरवा, मग बॉडी: हौशी छायाचित्रकारासाठी कॅमेरा निवडीचा क्रम

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बॉडी कुठली घेऊ?" मग मेगापिक्सेल, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील तो आकडा), सेकंदाला किती फ्रेम यांच्या तुलना सुरू होतात, बजेट बॉडीतच संपतं आणि खोक्यातून आलेली किट लेन्स पुढे कायम तिच्यावर बसून राहते. फोटो मनासारखे आले नाहीत की दोष बॉडीला, आणि शोध आणखी महागड्या बॉडीचा. आधी कळस, मग पाया. खालचा क्रम म्हणूनच उलटा आहे: विषय, लेन्स, माउंट आणि त्यानंतर बॉडी. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिला, कारण कंटाळा येऊन लोक तोच सोडतात.

## टप्पा १: आपल्याच जुन्या फोटोंची झडती

आवडलेले दोनेकशे फोटो एका फोल्डरमध्ये काढा. फोनवरचे असले तरी चालतील. प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ माहिती असते: फोकल लेंथ (मिमीमध्ये; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं), आयएसओ. फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये फोकल लेंथनुसार फोटो गाळून पाहता येतात.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन साधारणपणे फुल फ्रेमवरच्या (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरच्या) २४ ते २६ मिमीइतका असतो. म्हणजे २एक्सवर काढलेला फोटो ५० मिमीच्या जवळ जातो. तुमचे बहुतेक फोटो १एक्सवरचे आणि न कापलेले असतील, तर तुम्ही वाइडमध्ये, म्हणजे रुंद कोनात पाहणारे आहात. प्रत्येक फोटो कापून माणूस जवळ आणलेला दिसत असेल, तर तुम्हाला लांब फोकल लेंथ हवी आहे. हे स्वतःच्या आवडीबद्दल विचार करून कळत नाही, मोजून कळतं.

मग कागदावर चार गोष्टी लिहा: विषय काय, तो किती अंतरावर असतो, तो हलतो का, आणि उजेड किती असतो. पाचवी गोष्ट फोटो शेवटी कुठे पाहिला जातो ही. पडद्यावर, की छापून भिंतीवर?

सावध: "सगळंच काढायचंय" हे उत्तर लिहू नका. त्या उत्तराला बाजारात एकच वस्तू मिळते, १८-३०० सारखी सर्वसमावेशक झूम, आणि ती अंधारात हमखास अडते. दोन विषय निवडा. बाकीचे होतील तसे होतील.

तपासणी: चांगल्या उजेडात, जवळच्या, स्थिर गोष्टींचे फोटो काढून ते फोनवरच पाहायचे असतील, तर कॅमेऱ्याने फारसा फरक पडणार नाही. इथेच थांबायला हरकत नाही.

## टप्पा २: विषयावरून फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चर

या टप्प्यातल्या फोकल लेंथ फुल फ्रेमच्या भाषेत आहेत. लहान सेन्सरसाठीचा हिशोब पुढच्या टप्प्यात येईल.

घरातली माणसं, मुलं, समारंभ. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. रात्री दिव्याच्या उजेडातली खोली डोळ्यांना लख्ख वाटते, कॅमेऱ्यासाठी ती अंधारीच असते. समजा, एफ/१.८, १/१२५ सेकंद आणि आयएसओ १६०० वर तिथे नीट फोटो येतो. किट झूम लांब टोकाला नेली की तिचं अ‍ॅपर्चर बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडतं. एफ/१.८ पेक्षा एफ/५.६ ला जवळजवळ दहापट कमी प्रकाश मिळतो. शटर तेवढंच ठेवायचं तर आयएसओ सुमारे १६००० वर जाणार. हा फरक नवी बॉडी घेऊन भरून निघत नाही, एक साधी ३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ प्राइम (एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स) तो सहज भरून काढते.

पण तिची मर्यादाही ध्यानात ठेवा. एफ/१.८ ला फोकसची खोली (जेवढं अंतर एकाच वेळी स्पष्ट येतं ते) इतकी कमी असते की दोन रांगांच्या ग्रुप फोटोत मागची रांग धूसर येते. तिथे एफ/४ च्या आसपास जावंच लागतं, आणि मग उजेड वाढवणं किंवा फ्लॅश छताकडे वळवून मारणं एवढाच मार्ग उरतो.

व्यक्तिचित्रं. ८५ ते १०५ मिमी. २४ मिमीने चेहऱ्याच्या जवळ गेलात की नाक मोठं दिसतं. तो दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे.

निसर्गदृश्यं. १६ ते ३५ मिमी म्हणतात खरं, पण ७० ते २०० मध्ये काढलेली डोंगररांग अनेकदा जास्त बोलते. इथे मोठ्या अ‍ॅपर्चरवर पैसे घालू नका. बहुतेक काम एफ/८ ला आणि ट्रायपॉडवर होतं, आणि एफ/८ ला साधी लेन्सही खणखणीत असते.

पक्षी. ४०० मिमी ही सुरुवात, छोट्या पक्ष्यांना ५०० ते ६०० हवेत. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, म्हणजे सकाळचं चांगलं ऊनही. टेलिकन्व्हर्टरवर (लेन्स आणि बॉडीमध्ये बसणाऱ्या, फोकल लेंथ वाढवणाऱ्या जोडणीवर) भिस्त ठेवून लहान लेन्स घेऊ नका. १.४एक्स एक स्टॉप प्रकाश खातो, २एक्स दोन (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). एफ/६.३ च्या झूमवर २एक्स लावलात तर एफ/१३ उरतं आणि ऑटोफोकस चाचपडायला लागतो.

किडे, फुलं. झूमवर "मॅक्रो" छापलेलं असलं म्हणून ती मॅक्रो होत नाही. मोठेपणाचं प्रमाण पाहा, खऱ्या मॅक्रोला ते १:१ असतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी पडते. किड्यांसाठी ९० ते १०५ मिमी घ्या. त्याहून आखूड मॅक्रोने इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावलीच किड्यावर पडते.

सावध: स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्याची हालचाल नाही. पळणाऱ्या मुलाला १/५०० च्या आसपास शटर लागतंच, लेन्सवर कितीही "स्टॉप"चा दावा छापलेला असो.

जुना किट कॅमेरा हाताशी असेल तर एक फुकटची चाचणी करा. झूम ३५ वर आणून चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठल्या दिवशी चिडचिड कमी झाली, ते तुमचं उत्तर.

## टप्पा ३: सेन्सरचा आकार

फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मिमी, कॅननमध्ये किंचित लहान, २२.३ × १४.९. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. यावरून क्रॉप फॅक्टर (दिसणाऱ्या कोनासाठी फोकल लेंथला गुणायचा आकडा) येतात: १.५, कॅननला १.६ आणि मायक्रो फोर थर्ड्सला २.

लेन्सवर ५० लिहिलंय तर ती कुठल्याही बॉडीवर ५० मिमीच राहते, बदलतो तो दिसणारा कोन. एपीएस-सीवर ५० मिमी लावली की ७५ मिमीइतकंच दिसतं. व्यक्तिचित्राला उत्तम, पण छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते तरी माणसं मावत नाहीत. "सगळे घेतात म्हणून" पहिली प्राइम ५० घेणाऱ्या एपीएस-सीवाल्यांची हीच तक्रार असते. त्यांना खरं म्हणजे ३५ हवी असते.

एक्सपोजर (फोटो किती उजळ येतो ते) मात्र क्रॉपने बदलत नाही. एफ/१.८ सगळीकडे एफ/१.८.

कमी उजेडात फुल फ्रेमला एपीएस-सीपेक्षा सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा मिळतो, मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा दोन. हा फायदा खरा आहे, पण त्याच्यासाठी मोठ्या, जड, महाग लेन्स ओढाव्या लागतात. हौशी माणसासाठी माझं मत स्पष्ट आहे. एपीएस-सी आणि दोन चांगल्या लेन्स यांच्यापुढे फुल फ्रेम आणि किट झूम ही जोडी हरते. दूर चालत जाऊन पक्षी टिपणाऱ्याने आणि पाठदुखी असलेल्याने मायक्रो फोर थर्ड्सही गंभीरपणे पाहावं.

मेगापिक्सेलचा प्रश्न दोन ओळींत मिटतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ए४ छापायला सुमारे ९ मेगापिक्सेल लागतात, ए३ ला साडेसतरा. आज २४ मेगापिक्सेल सर्रास मिळतात.

## टप्पा ४: माउंट

माउंट म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे जोडल्या जातात ती कडी. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षंही टिकते. त्यामुळे खरी निवड माउंटची आहे, आणि तीच लोक न पाहता करतात.

मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) आज मुख्य नावं अशी: सोनी ई, कॅनन आरएफ, निकॉन झेड, फुजीफिल्म एक्स, मायक्रो फोर थर्ड्स, आणि लायका, पॅनासोनिक, सिग्मा यांचा एल माउंट. डीएसएलआरमधले (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांतले) कॅनन ईएफ आणि निकॉन एफ जुने पण भरपूर लेन्सवाले. या दोन्ही कंपन्यांचा नव्या लेन्सचा ओघ आता मिररलेसकडे वळला आहे, म्हणजे ईएफ आणि एफ हे सेकंडहँड घेणाऱ्यांचे माउंट. कॅननचा ईएफ-एम आणि निकॉन १ बंद झाले. स्वस्तात मिळाले तरी त्यांच्यात नव्याने शिरू नका.

आता कागदावर तीन लेन्स लिहा: आत्ता लागणारी, वर्षभराने लागेल ती, आणि कधीतरी घ्यावीशी वाटते ती. तिन्ही एका माउंटमध्ये, तुमच्या सेन्सरच्या आकारासाठी, परवडण्याजोग्या मिळतात का? सोनी ई आणि फुजी एक्सवर सिग्मा, टॅमरॉनसारख्या लेन्स बनवणाऱ्या इतर कंपन्यांच्या, तर एल माउंटवर सिग्माच्या लेन्स मुबलक आहेत. कॅनन आरएफवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या एपीएस-सी लेन्स २०२४ पासून येऊ लागल्या. लेन्सची यादी पाहताना ती कुठल्या सेन्सरसाठी आहे हे दरवेळी वाचा.

जुळण्यातले हे सापळे नीट पाहा:

- कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. निकॉनची डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण चित्र कापून मिळतं.
- निकॉन डी३०००, डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुनी एएफ-डी लेन्स त्यावर बसेल, फोकस मात्र हाताने करावा लागेल. नावात "एएफ-एस" किंवा "एएफ-पी" हवं, आणि एएफ-पी घेण्याआधी आपल्या बॉडीवर ती चालते का तेही पाहावं, कारण डी३१००, डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही.
- निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडाप्टरही (जुन्या एफ लेन्स झेड बॉडीवर लावणारा) मोटरविनाच आहे. एएफ-डी लेन्स झेड बॉडीवर गेली की तीच गत.
- अ‍ॅडाप्टर एका दिशेने चालतो. डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर लावता येते कारण मिररलेसमध्ये माउंट सेन्सरच्या जवळ असतं: कॅनन ईएफमध्ये हे अंतर ४४ मिमी, आरएफमध्ये २०. उलट दिशेला जागाच उरत नाही.

तपासणी: यादीतल्या तीनपैकी एक जरी लेन्स त्या माउंटवर मिळत नसेल, तर बॉडी कितीही आवडली असली तरी माउंट बदला.

मित्राकडे किंवा घरात आधीच एका माउंटच्या दोन-तीन चांगल्या लेन्स असतील, तर हा सगळा टप्पा बाजूला ठेवून तोच माउंट घ्या. उसनी मिळणारी लेन्स हा वैशिष्ट्यांच्या तक्त्यात न येणारा मोठा फायदा आहे.

## टप्पा ५: आता बॉडी

इथवर आलात की पर्याय तीन-चारच उरलेले असतात. त्यांच्यात काय पाहायचं ते महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

*पकड.* तुमची लेन्स लावून बॉडी हातात धरा. करंगळी अधांतरी लोंबते का? लेन्सशिवाय बॉडी धरून मत बनवू नका.

*व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी).* उन्हात मागचा पडदा दिसत नाही, त्यामुळे व्ह्यूफाइंडर नसलेली बॉडी मी तरी सुचवणार नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट चारही कोपरे दिसतात का पाहा, आणि त्याआधी डायऑप्टरची (व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेशी जुळवणारी) छोटी चकती फिरवून घ्या. ती न फिरवताच "व्ह्यूफाइंडर धूसर आहे" म्हणणारे बरेच.

*डायल.* शटर आणि अ‍ॅपर्चर यांसाठी दोन वेगळी चक्रं असतील तर शिकणं सोपं होतं. एकच चक्र आणि बाकी सगळं मेन्यूत, अशा बॉडीवर माणूस शेवटी ऑटोवरच राहतो.

*ऑटोफोकस.* मुलं, प्राणी, पक्षी असतील तर डोळा ओळखणारा फोकस हवाच. स्थिर विषयांना त्याची गरज नाही.

*बॉडीतलं स्टॅबिलायझेशन.* सोनी ए६४००, निकॉन झेड५०, कॅनन आर५० यांत ते नाही. अशा बॉडीवर लांब लेन्स घेताना स्टॅबिलायझेशन लेन्समध्ये असल्याची खात्री करा. प्राइममध्ये ते बहुधा नसतं.

*बॅटरी.* सुरुवातीच्या मिररलेसला एका चार्जमध्ये ३००-४०० फोटो धरून चाला. डीएसएलआर यात खूप पुढे आहेत: निकॉन डी३५०० चा अधिकृत आकडा १५५० आहे.

सेकंदाला वीस फ्रेमचं आकर्षण सोडा. ते फोटो बसून निवडायचे तुम्हालाच आहेत.

सावध: "आवाजरहित" इलेक्ट्रॉनिक शटरने बहुतेक बॉडीत एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे येतात आणि वेगाने हलणारी बॅट किंवा काठी वाकडी दिसते. समारंभात ते लावण्याआधी घरी तपासा.

## टप्पा ६: पैशांची वाटणी

एकूण रकमेतून आधी दहावा हिस्सा किरकोळ सामानासाठी बाजूला काढा. उरलेल्यातला निम्म्याहून कमी बॉडीला, बाकी लेन्सला. बॉडी या मर्यादेत बसत नसेल तर एक पिढी जुनी घ्या, लेन्स कापू नका.

किरकोळ सामान म्हणजे जादा बॅटरी, दोन कार्डं, धूळ उडवायचा हवेचा पंप, मायक्रोफायबर कापड आणि लेन्सबरोबर न आलेलं हूड (तिच्या तोंडावर बसणारं, आडवं येणारं ऊन अडवणारं कडं). कार्डावरचा व्ही३० हा शिक्का सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देतो. १०० मेगाबिटच्या ४के व्हिडिओला सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच लागतात, म्हणजे व्ही३० पुरतं. मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत करून लोक उगीच व्ही९० घेतात.

## टप्पा ७: सेकंडहँड घेत असाल तर

लेन्स सेकंडहँड घ्यायला मी आनंदाने सांगेन, बॉडी जरा जपून. पाहणी याच क्रमाने करा:

१. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे चार कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, धुक्यासारखा थर म्हणजे हेझ. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर परत.

२. अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर तेल चकाकतंय का पाहा. तेलाने पाकळ्या रेंगाळतात आणि एक्सपोजर चुकतं.

३. फोकस आणि झूम रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. कुठे अडत किंवा करकरत असेल तर आत वाळू किंवा धक्का.

४. बॉडी एफ/१६ वर ठेवून, फोकस बिघडवून, कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. पंपाने किंवा साफसफाईने न जाणारी रेघ म्हणजे ओरखडा असू शकतो.

५. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) विचारा. अनेक निकॉन आणि पेंटॅक्स बॉडी तो फोटोच्या फाइलमध्ये नोंदवतात. विकणारा "कमीच वापरलाय" एवढंच सांगत असेल तर न कापलेली मूळ फाइल मागा.

६. माउंटचे धातूचे संपर्कबिंदू, बॅटरीचा कप्पा आणि स्क्रूंची डोकी पाहा. हिरवट गंज म्हणजे पाणी. खरवडलेले स्क्रू म्हणजे कोणीतरी उघडलंय.

## टप्पा ८: परतीची मुदत संपण्याआधीची चाचणी

नवी लेन्सही सदोष निघते, आणि ते बहुधा मुदत टळल्यावर लक्षात येतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात ही चाचणी उरका.

विटांची सपाट भिंत किंवा भिंतीला चिकटवलेले वर्तमानपत्राचे मोठे कागद घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. मग संगणकावर १०० टक्के मोठं करून चारही कोपरे पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. तीन चांगले आणि एकच वाईट असेल तर आतली काच सरकलेली आहे. कॅमेरा तिरका नव्हता याची खात्री करून पुन्हा काढा, आणि निकाल तोच आला तर लेन्स बदलून मागा. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीनदा चाचणी करा.

डीएसएलआर असेल तर आणखी एक: टेबलावर पट्टी तिरकी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा. स्पष्ट भाग सतत पुढे किंवा मागे पडत असेल तर फ्रंट किंवा बॅक फोकस आहे. वरच्या वर्गातल्या बॉडीत ते मेन्यूतून दुरुस्त होतं, सुरुवातीच्या बॉडीत ती सोय नसते. मिररलेस सेन्सरवरूनच फोकस करतो, त्यामुळे ही भानगड तिथे सहसा येत नाही.

तपासणी: कार्डही एकदा पूर्ण भरून, फाइल उघडून पाहा. बनावट कार्डं वरून खरी दिसतात आणि अर्ध्यावर फोटो गिळतात.

## टप्पा ९: पुढची लेन्स केव्हा

तीन-चार महिने एकच लेन्स वापरा आणि पहिल्या टप्प्यातली मोजणी नव्या फोटोंवर पुन्हा करा. बहुतेक फोटो झूमच्या लांब टोकाला अडकलेले असतील तर टेली. आखूड टोकाला अडकलेले असतील तर वाइड. अ‍ॅपर्चर कायम पूर्ण उघडं आणि आयएसओ ६४०० च्या वर दिसत असेल तर एफ/१.८ सारखी जास्त प्रकाश घेणारी प्राइम. फोकल लेंथ सगळीकडे विखुरलेल्या आणि आयएसओ आटोक्यात असेल, तर अजून काही घ्यायचं नाही.

नवी लेन्स येईपर्यंत जुनी कोरड्या जागी ठेवा, सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास. कपाटातल्या चामड्याच्या बंद पाकिटात ती ठेवू नका. फंगस वाढायला तेवढा ओलावा आणि अंधार पुरतो.